वाहन चालवताना मोबाइल वापरण्यावरील बंदी आणि व्यक्तिस्वातंत्र्य

वाहन चालवताना हातात मोबाइल धरून बोलणे, संदेश वाचणे किंवा लिहिणे हा भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ खालील अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हे कृत्य 'धोकादायक रीतीने वाहन चालवणे' या अपराधाच्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत समाविष्ट करण्यात आले. अशी बंदी व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच करते का, हा प्रश्न हेल्मेटसक्तीच्या प्रश्नाइतका गाजलेला नाही. बंदीचे समर्थन करणे तुलनेने सोपे आहे. तिच्या अंमलबजावणीचे समर्थन करणे तितके सोपे नाही. वाहन 'चालवताना' म्हणजे नेमके केव्हा, फोन हातात होता याचा पुरावा कोणता, पोलिसाला चालकाचा फोन उघडून पाहता येतो का, हे प्रश्न या बंदीसोबत आले आहेत.

या विषयाशी नागपूरचा संबंध अनेक बाजूंनी येतो. २०१९ ची दुरुस्ती संसदेत मांडणारे रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी हे नागपूरचे खासदार. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठातील एक न्यायमूर्ती, शरद बोबडे, मूळचे नागपूरचे. शिवाय चौकाचौकांत कॅमेरे बसवून वाहतुकीवर मध्यवर्ती कक्षातून नजर ठेवण्याचा प्रयोग ज्या शहरांत मोठ्या प्रमाणावर झाला, त्यांत नागपूरचा समावेश होतो.

कायद्याची घडण

१९८८ चा अधिनियम झाला तेव्हा देशात मोबाइल सेवाच नव्हती, त्यामुळे मूळ अधिनियमात मोबाइलचा उल्लेख नाही. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २१ च्या यादीत 'वाहन चालवताना मोबाइल फोन वापरणे' हे कृत्य आले. अधिनियमाच्या कलम १९ नुसार परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, अशा कृत्यांची ही यादी आहे. म्हणजे परवाना जाऊ शकत होता, पण मोबाइलचे नाव घेऊन शिक्षा सांगणारे कलम नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना निर्देश दिले, की वाहन चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. अतिवेग, सिग्नल तोडणे, मद्यप्राशन, जादा भार व मालवाहू वाहनातून माणसे नेणे यांच्या पंक्तीला मोबाइल बसला तो तेव्हा.

कायद्यातील ही पोकळी केरळमध्ये उघडी पडली. तेथील पोलीस मोबाइलवर बोलणाऱ्या चालकांवर केरळ पोलीस अधिनियमाच्या कलम ११८(ई) खाली, म्हणजे जाणूनबुजून सार्वजनिक सुरक्षिततेस धोका निर्माण केल्याबद्दल, गुन्हे नोंदवत होते. मे २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितले, की केवळ मोबाइलवर बोलत वाहन चालवले एवढ्यावरून धोका निर्माण झाला असे गृहीत धरता येणार नाही. विधिमंडळाला ते कृत्य अपराध ठरवायचे असेल तर तसा कायदा करावा लागेल. निकालावर टीका झाली, परंतु त्यामागील तत्त्व जुने व भक्कम आहे. कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कृत्याबद्दल, ते कितीही अविवेकी असले तरी, नागरिकाला शिक्षा करता येत नाही.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने ही उणीव भरून काढली. विधेयक जुलै २०१९ अखेर दोन्ही सभागृहांत संमत झाले, ९ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि दंडविषयक बहुतेक तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. कलम १८४ ला जोडलेल्या स्पष्टीकरणात सिग्नल तोडणे, विरुद्ध दिशेने वाहन चालवणे इत्यादींबरोबर 'हातात धरण्याच्या संपर्कसाधनाचा वापर' हा प्रकार आला. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

या दुरुस्तीचे दोन परिणाम सहसा चर्चेत येत नाहीत. पहिला असा, की कलम २०२ नुसार आपल्यासमक्ष कलम १८४ चा अपराध करणाऱ्यास गणवेशातील पोलीस अधिकारी वॉरंटविना अटक करू शकतो. मोबाइल त्या कलमात आल्यामुळे अटकेचा अधिकारही त्याच्यासोबत आला. दुसरा याच्या उलट दिशेचा आहे. जागेवर तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवण्याची सोय देणाऱ्या कलम २०० मध्ये कलम १८४ चा समावेश केवळ मोबाइल वापरापुरताच आहे. सिग्नल तोडणारा किंवा उलट दिशेने येणारा याच कलमाखाली दोषी असला तरी त्याला ही सवलत नाही. संसदेने मोबाइल वापर एकीकडे धोकादायक ठरवला आणि दुसरीकडे पावती फाडून सुटण्याजोगाही ठेवला. ही विसंगती व्यवहारात चालकाच्या पथ्यावर पडते, कारण प्रत्यक्षात अटक क्वचित आणि चलान नेहमीचे.

महाराष्ट्राने सुरुवातीला वाढीव दंड लागू केला नाही. तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये दंडाच्या रकमांचा फेरविचार करण्याची विनंती केंद्राला केली. विधेयकाचे कर्ते नागपूरचे आणि वाढीव दंड नागपुरात लागू नाही, अशी स्थिती त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ राहिली. राज्यात सुधारित शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आले. दरम्यान केंद्राने १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत बदल करून एक अपवाद मान्य केला. चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग शोधण्यासाठी, असे साधन वापरता येते.

धोक्याचे स्वरूप

रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी टोरंटो येथील अपघातग्रस्त चालकांच्या दूरध्वनी नोंदी तपासून १९९७ मध्ये असा निष्कर्ष काढला, की फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, आणि फोन हातात न धरता बोलल्याने तीत विशेष फरक पडत नाही. व्हर्जिनिया टेक संस्थेच्या २००९ मधील अभ्यासात संदेश लिहिणाऱ्या ट्रकचालकांची नजर सहा सेकंदांच्या कालखंडात सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावरून हटलेली आढळली. ताशी ५० किलोमीटर वेगाने वर्धा रोडवरून जाणारे वाहन तेवढ्या वेळात ६४ मीटर अंतर कापते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर वेगाने हेच अंतर १५३ मीटर होते.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. त्यांपैकी मोबाइल वापर हे कारण नोंदलेले मृत्यू सुमारे दोन टक्के आहेत. हा आकडा सावधपणे वाचावा लागतो. मद्य रक्तात सापडते, वेगाच्या खुणा रस्त्यावर राहतात, पण फोन खिशात गेला की मागे खूण उरत नाही. चालक कबूल करील किंवा कोणी पाहिले असेल तरच हे कारण पोलिसांच्या नोंदीत येते.

बोलताना फोन हातात असो वा नसो, मनाचे लक्ष विभागले जातेच, असे संशोधन सांगते. भारतीय कायदा मात्र हातातल्या फोनपुरताच बोलतो. कानात यंत्र घालून तासभर वाद घालणारा चालक कलम १८४ च्या या खंडात येत नाही, आणि हातात फोन घेऊन क्षणभर वेळ पाहणारा त्यात येऊ शकतो. यामागील कारण तात्त्विक नसून व्यावहारिक आहे. पोलिसाला हात दिसतो, मन दिसत नाही.

स्वातंत्र्याच्या दृष्टीने आक्षेप

राज्यसंस्थेने प्रौढ व्यक्तीला तिच्याच हितासाठी सक्ती करू नये, सक्तीचे समर्थन केवळ दुसऱ्याची हानी टाळण्यासाठी होऊ शकते, हा जॉन स्टुअर्ट मिल यांचा सिद्धान्त (१८५९) गोपाळ गणेश आगरकरांच्या पिढीपासून मराठी विचारविश्वाला परिचित आहे. महाराष्ट्रात वाहतूक नियमांविरुद्ध स्वातंत्र्याचा युक्तिवाद सर्वाधिक वापरला गेला तो हेल्मेटसक्तीविरुद्ध. पुण्यात त्यासाठी कृती समिती स्थापन झाली, मोर्चे निघाले. डोके माझे, निर्णय माझा, असा त्या युक्तिवादाचा गाभा होता. सर्वोच्च न्यायालयाने अजय कानू विरुद्ध भारत सरकार (१९८८) या प्रकरणात आंध्र प्रदेशातील हेल्मेटसक्तीचा नियम वैध ठरवला आणि त्यामुळे अनुच्छेद १९(१)(ड) खालील संचारस्वातंत्र्याचा भंग होत नाही असे म्हटले. तरीही सक्तीला धक्का न लावता अपवाद करता येतो, हे कायद्यानेच दाखवले आहे. कलम १२९ पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तीस हेल्मेटमधून सूट देते.

मोबाइलबंदीला हा युक्तिवाद लागू करण्याचा प्रयत्न होतो, तेव्हा तो पहिल्याच पायरीवर अडखळतो. हेल्मेट न घालणारा मुख्यतः स्वतःला धोक्यात घालतो. संदेश लिहीत वाहन चालवणारा सीताबर्डीत रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला, शेजारच्या सायकलस्वाराला आणि स्वतःच्या मागे बसलेल्याला धोक्यात घालतो. त्यांची संमती कोणी विचारलेली नसते. मिल यांची कसोटी येथे बंदीच्या बाजूने उभी राहते. पगडीसारखा श्रद्धेवर आधारलेला अपवादही येथे संभवत नाही.

तरीही असा आक्षेप जगात अन्यत्र घेतला गेला आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २००७ मध्ये संदेश लिहिण्यावर प्रथम बंदी घातली. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी मात्र २०११ मध्ये विधिमंडळाने संमत केलेली बंदी, प्रौढांच्या वर्तनाचे सूक्ष्म नियमन करण्याचा सरकारी प्रयत्न म्हणून, नाकारली. तेथे राज्यव्यापी बंदी येण्यास २०१७ उजाडले. भारतात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगानेही प्रश्न मांडता येतो, कारण संदेश लिहिणे ही अभिव्यक्तीच आहे आणि अनुच्छेद १९(२) मधील निर्बंधांच्या कारणांत रस्ता सुरक्षा नाही. परंतु हा कायदा काय लिहावे यावर काही म्हणत नाही. एका विशिष्ट स्थितीत, सुकाणू हाती असताना, लिहू नये एवढेच तो सांगतो. गाडी बाजूला लावून हवे ते लिहिण्यास कोणाची आडकाठी नाही.

'चालवताना' म्हणजे केव्हा

अधिनियमाने 'चालवणे' या क्रियेची व्याख्या केलेली नाही. व्हेरायटी चौकात लाल दिव्यावर नव्वद सेकंद थांबलेला दुचाकीस्वार, इंजिन सुरू ठेवून रस्त्याच्या कडेला उभा असलेला मोटारचालक आणि कोंडीत अडकलेला बसचालक हे 'चालवत' आहेत काय, याचे उत्तर जागेवर पोलीस देतो आणि वाद झाल्यास न्यायालय. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये, वर्तुळाकार चौकाच्या कडेला इशारादिवे लावून थांबलेल्या मोटारीतील चालकही वाहतुकीचाच भाग आहे असे मानून दंड कायम केला. इंग्लंडमध्ये 'वापर' या शब्दावरून उलटे घडले. २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने वाहन चालवताना फोनने चित्रण करणाऱ्यास निर्दोष ठरवले, कारण कायद्यातील बंदी संवाद साधण्यापुरती होती. तेथील सरकारने मार्च २०२२ मध्ये शब्दरचना बदलून ही वाट बंद केली.

वाहनावर बसणे आणि वाहन चालवणे यांतील अंतर नागपुरातील एका प्रसंगाने देशाच्या लक्षात आणून दिले, जरी तो मोबाइलचा नव्हता. जून २०२० मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांचे नागपुरात एका मोटारसायकलवर हेल्मेटविना बसलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यावर वकील प्रशांत भूषण यांनी केलेले ट्वीट, आणखी एका ट्वीटसह, न्यायालय अवमान खटल्याचा विषय झाले. भूषण यांनी टीका मागे घेतली नाही. मात्र गाडी स्टँडवर उभी होती व त्यामुळे हेल्मेट आवश्यक नव्हते हे आपल्या लक्षात आले नाही, असे सांगून तेवढ्या भागाबद्दल खेद व्यक्त केला. ३१ ऑगस्ट २०२० रोजी त्यांना एक रुपया दंड झाला. सरन्यायाधीशांच्या बाबतीत स्टँडचा जो बारकावा सर्वोच्च न्यायालयात मान्य झाला, तो चौकात पाय टेकवून उभ्या असलेल्या सामान्य दुचाकीस्वाराला चलान फाडताना क्वचितच मिळतो.

पुरावा, कॅमेरा आणि फोनची तपासणी

के. एस. पुट्टस्वामी प्रकरणातील २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने खासगीपणात हस्तक्षेप करणाऱ्या राज्याच्या कृतीसाठी कसोट्या घालून दिल्या. कृतीला कायद्याचा आधार हवा, तिचा हेतू वैध हवा आणि योजलेला उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. न्या. बोबडे यांनी या निकालात स्वतंत्र सहमतीपत्र लिहिले. मोबाइलबंदी स्वतः या कसोट्यांवर सहज उतरते. तिच्या अंमलबजावणीच्या पद्धतींना मात्र एकेक करून तपासावे लागते.

कॅमेऱ्यांबाबत कायद्याचा आधार २०१९ च्या कलम १३६अ आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ ने दिला. हा नियम ज्या शहरांना लागू झाला त्यांत महाराष्ट्रातील १९ शहरे असून नागपूर त्यांपैकी एक आहे. मूळ नियमानुसार उपकरणास मान्यताप्रमाणपत्र असावे, कॅमेरा असल्याची सूचना देणारे फलक लावावेत, अपराधाची सूचना १५ दिवसांत पाठवावी आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत नोंद जपावी. कॅमेऱ्याने पकडता येणाऱ्या अपराधांच्या यादीत हातातील फोनचा वापर आहे. नागपूरच्या सुरक्षित व स्मार्ट शहर प्रकल्पात साडेतीन हजारांहून अधिक सीसीटीव्ही कॅमेरे बसवले गेले. ते केवळ वाहतुकीसाठी नाहीत, गुन्हे तपासासाठीही आहेत. वाहतुकीच्या चलानापुरता नियम १६७अ लागू पडतो. शहरभर चालणाऱ्या सर्वसाधारण चित्रणासाठी असा वेगळा केंद्रीय कायदा नाही, आणि पुट्टस्वामी निकालाची पहिली कसोटी नेमकी तीच विचारते.

प्रमाणित कॅमेरा नसेल तेथे वाहतूक पोलीस छायाचित्र काढतात. राज्यभर अनेक वर्षे पोलीस स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो घेऊन नंतर ते ई-चलान यंत्रणेत चढवत असत. वाहतूकदार संघटनांच्या तक्रारींनंतर राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने जुलै २०२५ मध्ये परिपत्रक काढून यास मनाई केली. आक्षेप दोन प्रकारचे होते. नागरिकाचे छायाचित्र कोणाच्या खासगी फोनमध्ये राहावे, हा एक. आणि फोटो केव्हाचा व कोठला हे कसे पडताळायचे, हा दुसरा. मोबाइल वापरल्याचा पुरावा म्हणून मोबाइलवरचाच फोटो, हा योगायोग तक्रारदारांच्या नजरेतून सुटला नसावा.

चालकाचा फोन पाहण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. मोटार वाहन अधिनियम पोलिसाला परवाना व वाहनाची कागदपत्रे मागण्याचा अधिकार देतो. फोनमधील संदेश वाचण्याचा अधिकार देत नाही. मात्र कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवण्यास नियमांनी मान्यता दिल्यामुळे चालक स्वतःच फोन उघडून पोलिसासमोर धरतो. अशा वेळी पडद्यावर कागदपत्र दाखवणे पुरेसे असते. फोन हाती सोपवणे बंधनकारक नाही. ही सीमा पुसट झाली तर काय होते याचे उदाहरण ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादेत दिसले. अमली पदार्थांच्या शोधात पोलीस दुचाकीस्वारांना रस्त्यात थांबवून त्यांच्या फोनमधील संभाषणे तपासत असल्याची चित्रफीत प्रसृत झाली आणि त्यावर कायदेशीर आक्षेप घेण्यात आला. तपासासाठी झडती घेता येते, पण त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचे संरक्षण अनुच्छेद २०(३) देतो.

मृत्यूस कारण ठरलेल्या अपघाताच्या तपासात दूरसंचार कंपनीकडून कॉल व एसएमएसच्या नोंदी मागवल्या जातात. त्यांतून कॉल कधी झाला ते कळते, फोन हातात होता की नव्हता ते कळत नाही; इंटरनेटवरून पाठवलेले संदेश तर त्या नोंदींत दिसतही नाहीत. या अडचणीवर न्यूयॉर्क राज्यात २०१६ मध्ये एक उपाय सुचवला गेला. मजकूर न वाचता, फोन शेवटचा केव्हा हाताळला गेला एवढेच सांगणारे उपकरण अपघातस्थळी वापरावे, असे ते विधेयक होते. मद्यचाचणीच्या धर्तीवरील ही कल्पना खासगीपणाच्या आक्षेपांमुळे कायद्यात उतरली नाही. फोनच्या आतला मजकूर आणि फोनचा वापर यांत केलेला हा भेद मात्र भारतीय चर्चेलाही उपयोगी पडण्यासारखा आहे.

उपजीविकेचे साधन म्हणून मोबाइल

स्वातंत्र्याची चर्चा सहसा स्वतःच्या गाडीत बसून संदेश लिहिणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून होते. जेवण किंवा किराणा पोहोचवणारा दुचाकीस्वार आणि ॲपवर चालणारा रिक्षाचालक यांची स्थिती वेगळी आहे. त्यांना काम फोनवर मिळते, पत्ता फोनवर कळतो, ग्राहक फोनवर बोलावतो, आणि आलेले काम ठरावीक सेकंदांत स्वीकारावे लागते. ही मागणी धावत्या वाहनावर आली तर गाडी बाजूला घेण्यापूर्वीच वेळ संपतो. नियमांतील मार्गशोधनाचा अपवाद त्यांना नकाशा पाहू देतो, काम स्वीकारू देत नाही. कायदा शिक्षा चालकाला करतो. त्याला धावत्या गाडीवर पडद्याला बोट लावण्यास भाग पाडणारी रचना करणाऱ्यास कलम १८४ विचारत नाही.

अशा चालकाला तडजोड शुल्कापेक्षा परवाना निलंबनाची भीती अधिक असते. तीन महिने परवाना नसणे म्हणजे तीन महिने उत्पन्न नसणे. उपजीविका हा जीवनाच्या हक्काचा भाग आहे, हे मुंबईतील पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस प्रकरणात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. कलम १९ मध्ये त्या दृष्टीने महत्त्वाची अट आहे. परवानाधारकास म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज निलंबनाचा आदेश देता येत नाही. नागपुरात परवान्यांसंबंधीचे हे काम शहर (एमएच-३१), पूर्व (एमएच-४९) आणि ग्रामीण (एमएच-४०) या परिवहन कार्यालयांत विभागलेले आहे. म्हणणे मांडण्याच्या या हक्काची माहिती चलानाच्या संदेशात आली, तर तो वापरणाऱ्यांची संख्या वाढेल.

दंडाऐवजी वेळीच सावध करण्याचा एक प्रयोगही नागपुरात झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'आय-रास्ते' प्रकल्पात महापालिकेच्या बसमध्ये टक्कर होण्याची शक्यता दिसताच चालकाला इशारा देणारी यंत्रे बसवण्यात आली. अशा यंत्राला चालकाचे लक्ष कशामुळे हटले हे कळण्याची गरज नसते. पुढचे वाहन किंवा पादचारी किती जवळ आला आहे, तेवढे त्याला पुरते.